सुजलेलं पाऊल

भाचा पोलीस भरतीसाठी धावतोय. परवा फोनवर म्हणाला, "मामा, पाऊल सुजलंय, पण एक्स-रे नॉर्मल आला. आई म्हणते नाटकं करतोस." आणि मला ब्राइटहाउप्ट आठवला.

या प्रशियन लष्करी डॉक्टरने १८५५ साली लांब कूचीनंतर सुजणाऱ्या सैनिकांच्या पावलांबद्दल लिहिलं. ना कुणी पडलेलं, ना मार लागलेला; हाड मोडलं असेल हे मनात तरी कसं यावं? १८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि १८९७ मध्ये श्टेखोवने तशाच पावलांत मोडलेली हाडं दाखवली. म्हणजे बेचाळीस वर्षं! तोवर किती जवानांना कामचुकार म्हटलं गेलं असेल, कोण जाणे.

भार वाढला की हाड स्वतःला नव्याने बांधतं. पण आधी जुनं पोखरलं जातं, नवं भरायला आठवडे लागतात. रिक्रूटला तेवढी सवड कुठली? आणि सुरुवातीची बारीक चीर एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही.

ऑस्ट्रेलियन लष्करात मुली उंच मुलांबरोबर एका पावलात चालताना ढांगा लांबवायच्या, आणि कटीची हाडं चिरायची. उपाय काय केला? चालण्याचा वेग कमी केला, ज्याला-त्याला आपापली ढांग टाकू दिली. रॉडनी पोप यांनी १९९९ साली हे प्रसिद्ध केलं. मोडण्याचं प्रमाण खूपच घटलं होतं. इतकी साधी गोष्ट!

भाच्याला धावणं थांबवून पुन्हा डॉक्टरकडे जायला सांगितलंय. ताई, वाचते आहेस ना? नाटकं नाहीत गं ती.