साखळी तुटली, कडीचे काय?

दिव्याच्या फलाटावर मॉलमध्ये टीव्ही, फ्रीज विकणारे तरुण आम्हांला रोज भेटतात. त्यांच्या धंद्याचा इतिहास आज थोडक्यात मांडावयाचा आहे.

१९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, आपल्याकडे रंगीत टीव्ही आला. पुढे बरीच वर्षे लोक तो ओळखीच्या दुकानदाराकडून घेत. मग मॉल आले आणि साखळी दुकाने आली. किशोर बियाणी यांच्या मुंबईच्या फ्यूचर समूहाने २००१ मध्ये बिग बझार सुरू केले. नंतर विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी ई-झोन काढले. एका छपराखाली अनेक कंपन्यांचा माल आणि वर हप्त्यांची सोय. गिऱ्हाईक खूष झाले.

पण समूहाचा डोलारा भाड्याच्या जागांवर आणि कर्जावर उभा होता. २०१३ मध्ये अॅमेझॉन भारतात आली आणि घरबसल्या खरेदी वाढली. २०२० च्या टाळेबंदीत कर्ज डोईजड झाले. त्याच ऑगस्टमध्ये समूहाने आपला व्यापार रिलायन्सला २४,७१३ कोटी रुपयांना विकण्याचे ठरविले. समूहातील एका कंपनीत आधी पैसा गुंतविलेल्या अॅमेझॉनने हरकत घेतली. वाद सिंगापूरच्या लवादापुढे गेला. २०२२ मध्ये थकलेल्या भाड्यापोटी रिलायन्सने अनेक दुकाने ताब्यात घेतली, बँकांनी करार नाकारला आणि ई-झोन चालविणारी फ्यूचर रिटेल दिवाळखोरीत गेली. २०२४ मध्ये ती मोडीत काढण्याचा आदेश झाला.

साखळी दुकान मुळातच बुडीत धंदा, असे मात्र नव्हे. १९६७ साली माहीमच्या लहानशा दुकानातून निघालेली विजय सेल्स आजही उभी आहे.

अशा पडझडीत मालक आणि बँका वकील देतात. काउंटरमागच्या माणसाचे काय? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार कंपनी मोडीत निघाली की कामगारांची २४ महिन्यांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने येतात. जो कायद्याने ‘कामगार’ ठरत नाही, अशा नोकराला १२ महिन्यांपुरताच हक्क, तोही त्यांच्या मागून.

असेच एक दुकान बंद पडल्यावर तेथील मुलाकडे आम्ही नेमणूकपत्र मागितले. तो म्हणाला, “काका, दुकान एकाचे, शर्टावर नाव टीव्ही कंपनीचे आणि पगार तिसऱ्याच ठेकेदाराचा.” मग त्याने कोणत्या रांगेत उभे राहावे? दुकान मोडल्यावर हे विचारण्यात अर्थ नाही. आपल्या घरातील मुलगा, मुलगी मॉलमध्ये जात असेल, तर नेमणूकपत्रावर मालक म्हणून कोणाचे नाव आहे, हे आज रात्रीच वाचून पाहा.