गर्दीच्या शोधातला विश्वचषक

५ मे १९५४ च्या संध्याकाळी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या ओड्सल मैदानावर १,०२,५६९ प्रेक्षकांची अधिकृत नोंद झाली. वॉरिंग्टन आणि हॅलिफॅक्स या दोन औद्योगिक शहरांच्या क्लबांमध्ये रग्बी लीगच्या चॅलेंज कप या क्लब स्पर्धेचा फेरसामना होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिसच्या पार्क दे प्रॅन्सवर याच खेळाच्या पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. यजमान फ्रान्स स्वतः अंतिम फेरीत होता, तरी प्रेक्षक होते ३०,३६८. वाईट आकडा नव्हे, पण क्लबासाठी लाख माणसं जमवणारा रग्बी लीग हा खेळ देशांच्या सामन्यांना तेवढी माणसं का जमवू शकत नाही, हा प्रश्न तेव्हापासून विश्वचषकाच्या मागे लागला. सत्तर वर्षांत स्पर्धेचं स्वरूप, संघांची संख्या, यजमान, नियम, सगळं बदललं. प्रश्न तोच राहिला. त्याचं उत्तर या स्पर्धेच्या इतिहासातच अनेकदा सापडलं आहे, आणि तितक्याच वेळा विसरलंही गेलं आहे, असं माझं मत आहे.

मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर आपण पाहतो ते रग्बी युनियन. लीग ही तिची फुटून निघालेली बहीण. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. खाण-गिरणी कामगार शनिवारी खेळायला आला की त्याची मजुरी बुडे. ती भरून द्यायला इंग्लंडच्या रग्बी संघटनेचा विरोध होता. पुढे लीगने आपले नियमही बदलले. पंधराऐवजी तेरा खेळाडू झाले आणि चेंडू हाती असलेल्या संघाला सहा टॅकलपर्यंतच संधी मिळू लागली. सहाव्या पकडीनंतर चेंडू समोरच्याकडे जातो. कबड्डी बघून डोळे तयार झालेल्या मराठी प्रेक्षकाला हा खेळ दहा मिनिटांत कळेल. चढाई, पकड, पुन्हा उठून चढाई.

हा खेळ गावाच्या पोटातून वाढला. विगन, सेंट हेलेन्स, फेदरस्टोन, वेकफील्ड इथे क्लब म्हणजे गावाची ओळख. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या उपनगरांत तेच घडलं. त्यामुळे देशाचा संघ ही इथल्या माणसाच्या मनात कायम दुसऱ्या क्रमांकाची गोष्ट राहिली. विश्वचषकाला पहिल्या दिवसापासून या घट्ट निष्ठेच्या शेजारी आपली जागा शोधावी लागली.

विश्वचषकाची कल्पना मात्र इंग्रजांची नव्हती. फ्रेंच महासंघाचे अध्यक्ष पॉल बारियेर यांनी तिचा पाठपुरावा केला, चषकही दिला. फ्रान्समध्ये १९४१ साली, महायुद्धाच्या काळात, विशी राजवटीने रग्बी लीगवर बंदी घालून तिची मालमत्ता जप्त केली होती. त्या घावातून उठलेल्या खेळाला जगासमोर ताठ उभं राहायचं होतं. चारच देश आले: फ्रान्स, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. तुलूझला फ्रान्स-ब्रिटन सामना १३-१३ असा बरोबरीत सुटला तेव्हा मैदानात ३७ हजारांवर लोक होते, म्हणजे पॅरिसच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त. तुलूझ हा दक्षिण फ्रान्समधला लीगचा बालेकिल्ला, पॅरिस नव्हे. डेव्ह व्हॅलेंटाइनच्या ब्रिटिश संघाने १६-१२ ने चषक नेला. अंतिम सामना राजधानीत खेळवून प्रतिष्ठा मिळते, पण माणसं जिथे खेळ राहतो तिथेच येतात, हे पहिल्याच स्पर्धेने दाखवून दिलं होतं.

पुढची वीस-बावीस वर्षं चढउताराची. सिडनीत १९६८ च्या अंतिम सामन्याला ५४ हजार लोक आले. चारच वर्षांनी, १९७२ मध्ये, लिऑनच्या प्रशस्त जेर्लांद मैदानावर ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया अंतिम फेरीत भिडले तेव्हा जेमतेम चार-साडेचार हजार माणसं होती. फ्रान्सचा संघ बाहेर गेलेला, आणि लिऑन काही लीगचं शहर नव्हतं. याच सामन्यात ब्रिटनचा कर्णधार क्लाइव्ह सलिव्हन आपल्या बाजूतून चेंडू घेऊन सुटला आणि जवळजवळ अख्खं मैदान कापत त्याने ट्राय केला, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला. सामना १०-१० असा सुटला आणि साखळीतल्या कामगिरीवर चषक ब्रिटनला मिळाला. कोणत्याही मोठ्या खेळात ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाचं नेतृत्व करणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. हल शहरात शिरणाऱ्या हमरस्त्याला आज त्याचं नाव आहे. ब्रिटनने किंवा इंग्लंडने त्यानंतर हा चषक जिंकलेला नाही, आणि त्यांचा तो शेवटचा विजय बघायला स्टेडियममध्ये कोणीच नव्हतं म्हटलं तरी चालेल. मला ही या स्पर्धेच्या इतिहासातली सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट वाटते.

ऐंशीच्या दशकात वेगळा प्रयोग झाला. स्पर्धा एका जागी भरवायचीच नाही. नेहमीच्या कसोटी मालिकांतले ठरावीक सामने विश्वचषकाचे धरायचे आणि तीन-चार वर्षांनी एकच अंतिम सामना घ्यायचा. स्पर्धा म्हणून ही रचना विस्कळीत होती, पण अंतिम सामने भरले. १९८८ मध्ये न्यूझीलंड घरच्या मैदानावर अंतिम फेरीत आल्यावर ऑकलंडचं ईडन पार्क ४७,३६३ लोकांनी भरलं. १९९२ मध्ये वेम्बलीवर ७३,६३१. ऑस्ट्रेलियाने ब्रिटनला १०-६ असं हरवलं. वेम्बलीच्या गर्दीमागे मोठी पुण्याई होती. १९२९ पासून चॅलेंज कपचा अंतिम सामना तिथे व्हायचा, आणि उत्तरेतल्या क्लबांच्या माणसांनी बसगाड्या करून वर्षातून एकदा लंडनला जायचं हा घराघरातला रिवाज झाला होता. विश्वचषकाने त्या रिवाजाचा आधार घेतला.

१९९५ हे खेळाचं शताब्दी वर्ष. ऑस्ट्रेलियात तेव्हा प्रक्षेपणाच्या पैशावरून सुपर लीग या बंडखोर स्पर्धेचं युद्ध पेटलेलं होतं. तिच्याशी करार केलेल्या खेळाडूंना ऑस्ट्रेलियाच्या संघात घेतलंच नव्हतं. तरीही इंग्लंड-वेल्समधली ती स्पर्धा रंगली. दहा संघ, पंधरा सामने आणि एकूण २,६५,६०९ प्रेक्षक. टोंगाने वॉरिंग्टनमध्ये न्यूझीलंडला घाम फोडला आणि २५-२४ अशा एका गुणाने सामना गमावला. स्वान्सीत वेल्स-सामोआ सामन्याला पंधरा हजारांवर लोक आले. वेल्सच्या युनियनप्रेमी मातीत हा आकडा छोटा नव्हे.

मग २००० साल आलं आणि हुरूप हिशेबाच्या पुढे धावला. दहाचे सोळा संघ झाले, पंधराचे एकतीस सामने. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंड, फ्रान्स असा विस्तार. एकूण प्रेक्षक किती? २,६३,९२१. म्हणजे १९९५ इतकेच, फक्त दुप्पट सामन्यांवर पातळ पसरलेले. सरासरी साडेसतरा हजारांवरून साडेआठ हजारांवर घसरली. लानेलीत वेल्स-लेबनॉन सामना बघायला १,४९७ लोक होते. ऑस्ट्रेलियाने रशियाला ११०-४ असं चिरडलं. उद्घाटनाचा इंग्लंड-ऑस्ट्रेलिया सामना युनियनच्या घरी, ट्विकेनहॅमला ठेवला आणि तिथे निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

पावसाने घात केला, असं तेव्हा सांगितलं गेलं. ते खोटं नव्हे. त्या शरदात इंग्लंड-वेल्समध्ये विक्रमी पाऊस पडला होता, आणि ऑक्टोबरातल्या हॅटफील्डच्या रेल्वे अपघातानंतर देशभर गाड्यांच्या वेगावर निर्बंध आले होते. उत्तरेतल्या माणसाला लंडनला जाणं म्हणजे दिवसभराची शिक्षा झाली होती. पण पाऊस नसता तरी लानेलीत वीस हजार लोक आले नसते. तिथल्या माणसाला लेबनॉनचा संघ आपल्या गावात का आला आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं. स्पर्धा तोट्यात गेली आणि पुढचा विश्वचषक व्हायला आठ वर्षं लागली.

२००८ मध्ये ऑस्ट्रेलियाने पुन्हा दहा संघांवर येऊन स्पर्धा सावरली. अठरा सामने, सरासरी सोळा हजारांवर, हाती नफा, आणि ब्रिस्बेनला पन्नास हजार लोकांसमोर न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला ३४-२० असं हरवून पहिल्यांदा चषक जिंकला.

पण गर्दी कशी जमवायची याचा खरा धडा २०१३ ने घालून दिला. त्याबद्दल सविस्तर लिहिलंच पाहिजे. इंग्लंड-वेल्समधल्या त्या स्पर्धेच्या संयोजनाची सूत्रं सॅली बोल्टन यांच्याकडे होती. पुढे त्या विम्बल्डन भरवणाऱ्या ऑल इंग्लंड क्लबच्या मुख्य कार्यकारी झाल्या. मोठे सामने मोठ्या मैदानांवर गेले, पण दोन-दोनच्या जोडीने. कार्डिफच्या छत असलेल्या स्टेडियममध्ये उद्घाटनाला एका तिकिटात दोन सामने, प्रेक्षक ४५ हजार. वेम्बलीला दोन्ही उपांत्य सामने एकाच दुपारी, प्रेक्षक ६७,५४५. आणि छोटे सामने छोट्या गावांना दिले. वर्किंग्टन, रॉचडेल, लीह, हॅलिफॅक्स. गावाने एका पाहुण्या संघाला आपलं म्हणायचं, खेळाडूंनी शाळांत जायचं, आणि सामना आपल्याच अंगणातला आहे असं वाटू द्यायचं.

रॉचडेलचंच बघा. मँचेस्टरच्या उशाशी असलेलं हे जुनं कापडगिरण्यांचं शहर. १९६१ साली रॉचडेल हॉर्नेट्स क्लबाने जो लेव्हुला आणि ओरिसी दवई या दोन फिजीयन खेळाडूंना करारबद्ध केलं. त्यांच्यामागून आणखी फिजीयन आले, काहींनी तिथेच संसार थाटले. २०१३ मध्ये फिजीचा आयर्लंडशी सामना याच शहराला देण्यात आला. हॉर्नेट्सच्या नेहमीच्या सामन्याला तेव्हा काही शे माणसं जमत. त्या सोमवारच्या रात्री आठ हजारांवर लोक आले. फिजीच्या संघात रॉचडेलचा कोणी नव्हता, पण रॉचडेलच्या पन्नास वर्षांत फिजी होतं. संयोजकांनी नकाशावर बोट ठेवून सामना दिला नाही, गावाची गोष्ट वाचून दिला.

त्या स्पर्धेत २८ सामन्यांना ४,५८,४८३ प्रेक्षक आले. वेम्बलीला शेवटच्या क्षणी न्यूझीलंडच्या शॉन जॉन्सनच्या ट्रायने इंग्लंड २०-१८ असं बाहेर गेलं, आणि तरीही आठवड्याने ओल्ड ट्रॅफर्डवर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड अंतिम सामना बघायला ७४,४६८ लोक हजर होते. आंतरराष्ट्रीय रग्बी लीगचा हा विक्रम. यजमान संघ नसताना! पाच आठवड्यांत गावोगावी जी ओढ निर्माण झाली, ती तोवर एका संघापुरती उरली नव्हती.

२०१७ मध्ये दुसरी एक शक्ती पुढे आली. जेसन ताउमालोलो आणि अँड्र्यू फिफिता या दोन बड्या खेळाडूंनी अनुक्रमे न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया सोडून आपल्या पूर्वजांच्या टोंगाकडून खेळायचं ठरवलं. टोंगाची लोकसंख्या लाखभर, पण ऑकलंड आणि सिडनीत टोंगन वस्त्या मोठ्या. हॅमिल्टनला मध्यंतरापर्यंत न्यूझीलंड १६-२ ने पुढे होतं. टोंगाने सामना २८-२२ ने फिरवला. ऑकलंडच्या ओटाहुहू उपनगरात रस्तेच्या रस्ते लाल झेंड्यांनी आणि हॉर्न वाजवणाऱ्या मोटारींनी तुंबले. उपांत्य फेरीचे दोन दिवस शेजारी ठेवून पाहावेत. २४ नोव्हेंबरला ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाने फिजीला ५४-६ असं लोळवलं, प्रेक्षक २२,०७३. दुसऱ्या दिवशी ऑकलंडला टोंगा-इंग्लंड, प्रेक्षक ३०,००३. इंग्लंड २०-० ने पुढे असताना शेवटच्या सात मिनिटांत टोंगाने तीन ट्राय केले आणि दोन गुणांनी हरले. स्टेडियमभर भक्तिगीतं चालू होती. ऑस्ट्रेलियाने हा चषक बारा वेळा जिंकला आहे. निकाल आधीच ठाऊक असलेला सामना बघायला कोणी पदरचे पैसे खर्चत नाही. म्हणून टोंगा-सामोआचं बळ वाढणं हा मला या संपूर्ण वाटचालीतला सगळ्यात मोठा लाभ वाटतो.

कोविडमुळे आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या माघारीमुळे २०२१ ची स्पर्धा २०२२ मध्ये इंग्लंडला झाली. पुरुष, महिला आणि व्हीलचेअर असे तीन विश्वचषक एकत्र, ६१ सामने, सगळे बीबीसीवर. उद्देश उमदा होता. न्यूकासलला उद्घाटनाला ४३ हजार लोक आले. पण साडेसात लाख प्रेक्षकांचं लक्ष्य फार दूर राहिलं. महागाईने पोळलेल्या कुटुंबांना तिकिटांचे दर परवडत नव्हते, अशी टीका सतत झाली आणि ती रास्त होती. खेळ कामगाराच्या बुडालेल्या मजुरीतून जन्मलेला. त्याच्याच नातवंडांना गॅलरीचं तिकीट जड व्हावं, हे संयोजकांना खटकायला हवं होतं.

त्याच स्पर्धेने मँचेस्टर सेंट्रलमध्ये मात्र एक नवा प्रेक्षक घडवला. जुन्या रेल्वे स्थानकाच्या कमानीखाली व्हीलचेअर रग्बी लीगचा अंतिम सामना झाला. या खेळात अपंग आणि धडधाकट, स्त्री आणि पुरुष एकाच संघात खेळतात. खांद्यावरची पट्टी खेचली की टॅकल झाला. खुर्च्या एकमेकींवर आदळल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. इंग्लंडने फ्रान्सला २८-२४ असं हरवलं. कर्णधार टॉम हॅलिवेलने शेवटच्या मिनिटांत निर्णायक ट्राय केला. प्रेक्षक ४,५२६, या प्रकारातला विश्वविक्रम. लिऑनलाही १९७२ मध्ये साधारण इतकेच होते. तिथे ते उरलेसुरले होते, इथे सभागृह खचाखच भरलं होतं.

यानंतरची स्पर्धा २०२५ मध्ये फ्रान्सला होणार होती. सरकारी आर्थिक हमी न मिळाल्याने २०२३ मध्ये फ्रान्सने अंग काढून घेतलं, आणि आता ती ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२६ मध्ये मुख्यतः ऑस्ट्रेलियात आहे, काही सामने पापुआ न्यू गिनीत. पुरुष संघ पुन्हा दहा. काही देश वगळले गेले याचं वाईट वाटतं, पण २००० चा अनुभव पाहता निर्णय बरोबर आहे. पोर्ट मोर्स्बीची चिंता नाही. रग्बी लीग हा तिथला राष्ट्रीय खेळ आहे, २०१७ मध्ये तिथले तिन्ही सामने खच्चून भरले होते, आणि २०२८ पासून पापुआ न्यू गिनीचा संघ ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल स्पर्धेत उतरणार आहे. कसोटी आहे ती ऑस्ट्रेलियातल्या सामन्यांची. क्वीन्सलंड विरुद्ध न्यू साउथ वेल्स या प्रांतिक लढतीला तिथे विश्वचषकापेक्षा जास्त लोक जातात, आणि ते एका वर्षात बदलणार नाही. पण पश्चिम सिडनीत लेबनीज, सामोअन, टोंगन, फिजीयन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि त्यांचे देश या दहांत आहेत. त्यांच्या चर्चच्या आवारात, मशिदींच्या दारात, शाळांच्या मैदानांवर खेळाडूंना आतापासून न्यायला हवं, आणि चौघांच्या कुटुंबाचं तिकीट त्यांच्या आठवड्याच्या बाजारखर्चात बसेल इतकंच ठेवायला हवं.