वेला : किनारा, भरती आणि वेळ

'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' ही म्हण आपण सहज वापरतो. तीत काळ आणि वेळ हे समानार्थी शब्द नाहीत, हे कोणत्याही मराठी भाषकास सांगावे लागत नाही. परंतु हा भेद आला कोठून, असे विचारू लागलो की आपण थेट समुद्रकाठी जाऊन पोचतो.

मराठी 'वेळ' संस्कृत 'वेला'पासून आली. 'माला'ची 'माळ' झाली तशीच. अमरकोशाच्या नानार्थवर्गात 'वेला' या शब्दाचे तीन अर्थ एकत्र दिले आहेत : समुद्राच्या पाण्याचा विकार म्हणजे भरती, काळ आणि मर्यादा. काव्यात तो किनारा या अर्थानेही वारंवार येतो. रघुवंशाच्या पहिल्या सर्गात दिलीपाच्या पृथ्वीरूपी नगरीला समुद्राचा खंदक आहे आणि वेलेचा तट. महाकाव्यांतील वीर शत्रुसैन्य अडवतो, तेही वेला सागराला अडवते तसे.

या अर्थांत गाभ्याचा अर्थ आम्हांस 'मर्यादा' हाच वाटतो. जमिनीची जेथे हद्द संपते तो किनारा. पाणी ज्या हद्दीपर्यंत चढते ती भरती. आणि काळाच्या प्रवाहात जी हद्द येऊन ठेपते ती वेळ. समुद्राची ही हद्द स्थिर नसते, पण बेशिस्तही नसते. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून पूर्ण भरतीचा तास ढोबळमानाने काढतात : चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. जेथे पाणी पाहून घटका कळते आणि तिथी मोजून पाणी कळते, तेथे दोहोंना एकच शब्द असावा यात नवल नाही.

इंग्रजीतील 'टाइड'चा प्रवास याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा अर्थ केवळ काळ असा होता. जर्मन 'त्साइट' आजही त्याच अर्थाने नांदतो. भरती-ओहोटीसाठी तेथे निराळे शब्द होते. 'टाइड' समुद्राकडे वळला तो नंतर. म्हणजे इंग्रजीत काळवाचक शब्द समुद्राला मिळाला, तर संस्कृतात हद्दीचा शब्द समुद्र आणि काळ या दोहोंकडे गेला. एकाने दुसऱ्यापासून काही उसने घेतलेले नाही. अनुभव तेवढा सारखा.

मराठीत मात्र या शब्दातून समुद्र ओसरला. भरती-ओहोटी, उधाण, भांग असे शब्द आपल्याकडे जिवंत आहेत, पण 'वेळ' म्हटल्यावर पाणी आठवत नाही. आमचे अनुमान असे, की नेवासे, ऋद्धिपूर अशा समुद्रापासून दूरच्या स्थळी आकारास आलेल्या ग्रंथभाषेला या अर्थाची गरजच भासली नसावी. हिंदीतील 'बेला'नेही काळाचाच अर्थ राखला. याउलट गोव्याच्या कोंकणीत 'वेळ' म्हणजे समय आणि 'वेळ' म्हणजे समुद्रकिनाराही. 'दर्यावेळ' हा शब्द तेथे रोजच्या वापरात आहे.

तरीही मूळ अर्थ मराठीतून पुरता गेलेला नाही. 'वेळ' आपल्याकडे दोन लिंगांत चालतो. 'तो वेळ' जातो, लागतो, पुरतो. तो कालावधी आहे. 'ती वेळ' येते, ठरते, टळते. ती हद्द आहे. म्हणीतला काळ समुद्रासारखा चढत आला होता. वेळेची रेघ मात्र त्याने ओलांडली नव्हती. संस्कृत काव्य मराठीत आणताना 'वेला' दिसताच 'किनारा' लिहून पुढे जाणाऱ्या अनुवादकाने, आणि ते शिकवणाऱ्या अध्यापकाने, ही रेघ ध्यानात ठेवावी एवढेच आमचे म्हणणे आहे. तेथे वाळूच्या पट्ट्याइतकेच सागराने पाळलेल्या संयमाचेही वर्णन चाललेले असते.