वतन, वेतन आणि गांवचा कारभार

यवतमाळ जिल्ह्यांत, वणीच्या जवळ, राजूर नांवाचें गांव आहे. चुन्याच्या भट्ट्या आणि दगडी कोळशाची खाण यांनीं त्यास ओळख दिली. माजरीहून वणीवरून निघालेला लोहमार्ग येथवर आला तोहि कोळशासाठींच. खाण प्रथम खासगी मालकीची होती. १९७३ सालीं कोळशाच्या खाणींचें राष्ट्रीयीकरण झालें आणि १९७५ पासून या भागांतील खाणींचा कारभार वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीकडे आला. जनगणनेच्या वहींत राजूरची नोंद नगर म्हणून झाली आहे; परंतु कारभार मात्र ग्रामपंचायतीचा.

या एका गोष्टींत आमच्या स्थानिक स्वराज्याचा एक मोठा प्रश्न सांठविलेला आहे. एकाच गांवाच्या शिवारांत दोन संस्था नांदतात. खाणीस व्यवस्थापक आहे, अभियंते आहेत, हिशेबनीस आहेत; त्यांचें वेतन त्यांच्या विद्येस व जबाबदारीस साजेसें ठरविलेलें असतें. त्याच गांवाचें पाणी, गटारें, दिवाबत्ती व रस्ते ज्या पंचायतीनें पाहावयाचे, तिच्या दिमतीस मुख्य असा एकच अधिकारी, ज्यास दीर्घकाळ ग्रामसेवक म्हणत आले. आणि त्याची नेमणूक, बढती व बदली यांपैकीं कांहींच पंचायतीच्या हातीं नाहीं. जमिनीखालचा कोळसा काढण्यास तज्ज्ञ माणूस लागतो हें सर्वांस पटतें; जमिनीवरच्या माणसांचा संसार नीट चालविण्यास तो लागत नाहीं, असें आपण केव्हां ठरविलें? या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत शोधिलें पाहिजे.

जुन्या वऱ्हाडांत अधिकाऱ्याच्या मोबदल्याचें नांव वेतन नसून वतन होतें. परगण्यास देशमुख व देशपांडे, गांवास पाटील व पटवारी; त्यांच्या पदरीं इनामी जमीन, वसुलांतील वांटा आणि मानपान. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केल्यावर देशमुख-देशपांड्यांची सत्ता मावळली, पण पाटील-पटवारी टिकले. ज्यास त्या काळीं वणी जिल्हा म्हणत, आणि १९०५ पासून ज्यास यवतमाळ हें नांव पडलें, त्या मुलखांतहि हीच व्यवस्था चालली. १९०० सालीं तिच्यासाठीं स्वतंत्र कायदाहि झाला. वसूल जितका, तितका वतनदाराचा हक्क, असें तिचें मूळ सूत्र होतें.

या पद्धतीस आज सरसकट नांवें ठेवण्याची चाल आहे. परंतु तिचा एक गुण विसरतां कामा नये. वतनदार गांवचा होता. विहिरीचें पाणी आटलें तर त्याच्याहि घरीं घागर रिकामी राही. अन्याय केला तर तोंड लपविण्यास दुसरें गांव नव्हतें. दोष मात्र गुणाहून भारी होते. पद वंशपरंपरेचें, म्हणून बापाच्या लायकीवर मुलाचा अधिकार. त्यावर जातीची मक्तेदारी. आणि मोबदला वसुलावर, म्हणून लक्षहि वसुलावरच. ज्या कामाचें माप घेतलें जातें तेंच काम होतें, हा नियम आमच्या पाटलांनींहि सिद्ध केला. सारा वसूल होत असे. शाळा, रस्ता, गटार हें कोणाच्याच वतनांत लिहिलेलें नव्हतें.

ही उणीव भरून काढण्यासाठीं नवीं मंडळें आलीं. १८८२ च्या मे महिन्यांत लॉर्ड रिपन यानें आपला प्रसिद्ध ठराव काढिला. कारभार सुधारावा हा त्याचा पहिला हेतु नव्हता. लोकांस राज्यकारभाराचें शिक्षण मिळावें हा होता. त्यास अनुसरून वऱ्हाडांत १८८५ सालीं ग्रामीण मंडळांचा व पुढच्याच वर्षीं नगरपालिकांचा कायदा झाला. हेतु उदात्त होता. परंतु ज्या शाळेंत विद्यार्थ्यांस बसावयास जागा आहे आणि शिक्षकाच्या पगाराची तरतूद नाहीं, तिच्यांत शिक्षण कितपत व्हावें? सभासदांस मत देण्याचा अधिकार मिळाला. त्या मताची अंमलबजावणी करणारा लायक माणूस पदरीं ठेवण्याइतकें उत्पन्न मिळालें नाहीं. मग ठराव वहींत राहिले, आणि सत्ता पूर्वींप्रमाणेंच कचेरींत राहिली.

याच्या उलट टोकाचें उदाहरण मुंबईनें घालून दिलें. १८६५ च्या कायद्यानें त्या शहराचा सर्व अंमल एका कमिशनराच्या हातीं आला, आणि त्या जागीं आर्थर क्रॉफर्ड याची नेमणूक झाली. माणूस कर्तबगार होता. त्यानें रस्ते केले, घाण हटविली, मंडई बांधिली. ती मंडई आज महात्मा फुले यांच्या नांवानें ओळखली जाते. पण खर्चास धरबंध राहिला नाहीं. त्याच्यावर देखरेख करणारे ‘जस्टिस’ सरकारनें नेमलेले. करदात्यांस उत्तर देण्याचें त्यांस कारण नव्हतें. १८७१ सालीं करदात्यांचा संताप उसळला आणि कमिशनराचे अधिकार काढून ते एका समितीस द्यावे, अशी मागणी झाली.

त्या वेळीं एका सव्वीस वर्षांच्या बॅरिस्टरानें लोकप्रवाहाच्या विरुद्ध मत दिलें. फेरोजशहा मेहता यांचें म्हणणें असें कीं, दोष एकहातीं अंमलांत नाहीं. त्या हातास जाब विचारणारी सभा लोकांनीं निवडलेली नाहीं, यांत आहे. समितीनें अंमल चालवूं नये. समर्थ अधिकाऱ्यानें चालवावा, आणि निवडलेल्या सभेनें त्यास मुठींत ठेवावें. १८७२ च्या कायद्यानें चौसष्ट सभासदांपैकीं बत्तीस करदात्यांनीं निवडावे असें ठरलें. पुढें १८८८ च्या कायद्यांत, ज्याच्या घडणींत मेहतांबरोबर न्यायमूर्ति तेलंगांचाहि वांटा होता, कमिशनराची नेमणूक सरकारकडेच राहिली. परंतु एकूण सभासदांपैकीं पांच-अष्टमांशांनीं विरुद्ध मत दिल्यास त्यानें पद सोडलें पाहिजे, असें कलम पडलें. त्याचें वेतनहि नगराच्याच तिजोरींतून जाऊं लागलें. मोठा पगार, मोठा अधिकार आणि मोठा जाब, या तीन गोष्टी प्रथमच एका कायद्यांत जवळ आल्या.

नियतीचा खेळ असा कीं, त्याच १८८८ सालीं तोच क्रॉफर्ड पुन्हां लोकांसमोर आला. आतां तो पुण्यास मध्य विभागाचा कमिशनर होता. मुलकी नोकरींतील मोठ्या पगाराच्या जागांपैकीं ती एक. मामलतदारांच्या नेमणुका, बढत्या व बदल्या यांसाठीं पैसे घेतल्याचा आरोप त्याच्यावर आला. चौकशीमंडळानें लांचेचा आरोप सिद्ध मानला नाहीं. पण आपल्याच अंमलाखालच्या मुलखांत त्यानें कर्ज काढलें होतें, एवढें ठरलें, आणि तो नोकरींतून गेला. ज्या मामलतदारांनीं पैसे दिल्याची कबुली देऊन साक्ष दिली, त्यांच्या बचावासाठीं ‘केसरी’कारांस लेखणी झिजवावी लागली.

या प्रकरणाचा आमच्या विषयाशीं थेट संबंध आहे. भरपूर वेतन दिलें कीं अधिकारी आपोआप सचोटीनें वागतो, असें मानणारा एक पक्ष आहे. कॉर्नवालिसच्या वेळेपासून इंग्रजी राज्याची ही श्रद्धा होती, आणि तींत तथ्यहि आहे. उपाशी नोकराकडून निःस्पृहता मागणें हा ढोंगीपणा होय. परंतु क्रॉफर्डचें पोट रिकामें नव्हतें. त्याच्या डोक्यावर जनतेचा डोळा नव्हता. वेतन हा सचोटीचा पाया असेल, भिंत नव्हे. भिंत जाबाची असते.

परदेशांत याची निराळी वाट सांपडते. प्रशियांत १९ व्या शतकांत नगरसभा आपला पगारी नगराध्यक्ष स्वतः निवडीत, आणि १८५३ च्या नगरकायद्यानें त्याची मुदत बारा वर्षांची असे. तो त्याच गांवचा असलाच पाहिजे असें नव्हतें. लहान नगरांत नांव कमवावें आणि मोठ्या नगरानें बोलवावें, असा त्या धंद्याचा क्रम होता. वेतन नगराचें, निवड नगराची, आणि कीर्ति कामाची.

आमच्याकडे ही वाट रुजली नाहीं. १९४८ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत जनपदसभा आल्या. तहसील हा त्यांचा घटक, आणि मुख्य कार्यकारी अधिकारी सरकारी. १९६० सालीं वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. नाईक याच यवतमाळ जिल्ह्याचे. समितीच्या शिफारसींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. कलेक्टरास परिषदेबाहेर ठेवून तिला स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी दिला, हें समितीचें शहाणपण मान्य केलें पाहिजे. रिपनच्या मंडळांस जो तोलामोलाचा माणूस मिळाला नव्हता, तो जिल्ह्यास मिळाला. पण तो उसना मिळाला. त्याचें वेतन, त्याची बढती, त्याची बदली राज्याच्या राजधानींत ठरते. अर्थात् त्याची नजरहि तिकडेच लागते. खालीं ग्रामपंचायतीपर्यंत हाच नमुना उतरला आहे.

उसन्या अधिकाऱ्याच्या बाजूनें एक सबळ कारण सांगतात, आणि तें झटकून टाकण्यासारखें नाहीं. गांवानें आपला अधिकारी नेमला तर तो गटाचा बटीक होईल, सत्ता पालटली कीं त्यास घरीं बसावें लागेल. ही भीति खरी आहे. परंतु दुसऱ्या भीतीचा अनुभव आपण नुकताच घेतला. २०२२ सालीं महाराष्ट्रांतील बहुतेक जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या, निवडणुका लांबल्या, आणि त्या परिषदांचा कारभार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे प्रशासक म्हणून गेला. यवतमाळ त्यांत होतेंच. सभागृहें ओस पडलीं, तरी कचेऱ्या चालू राहिल्या, पगार वेळेवर झाले. जी संस्था सभासदांवांचून वर्षानुवर्षें चालूं शकते, तींत सभासदांचें वजन किती होतें, हें निराळें सांगावयास नको.

तेव्हां इतिहासाचा निवाडा असा निघतो. वतनदारास गांवाची जवळीक होती, लायकीची कसोटी नव्हती. मंडळांच्या काळीं मत होतें, माणूस नव्हता. क्रॉफर्डच्या ठायीं लायकी व वेतन दोन्ही होतें, जाब नव्हता. आणि आजच्या व्यवस्थेंत लायकी व वेतन आहे, जाबहि आहे, पण तो वरच्यास. ज्यांच्या दारांतून गटार वाहतें त्यांस नव्हे. निवड कसोटीनें, मुदत निश्चित, वेतन प्रतिष्ठेचें, आणि जाब निवडलेल्या सभेस: या चार गोष्टी एकत्र आल्यावांचून स्थानिक संस्था सुधारणार नाहीं. यांतली एक आणून बाकीच्या तीन विसरणें, हेंच आपण दीडशें वर्षें करीत आलों.

खर्च कोठून आणावा, असें कोणी विचारील. राजूरकरांनीं तरी हा प्रश्न विचारूं नये. ज्या भूमीच्या पोटांतून इतका कोळसा निघाला, त्या भूमीवरील वस्तीला स्वतःचा एक चांगला अभियंता पोसतां येऊं नये, हें तिचें दारिद्र्य नसून आमच्या वांटणीचा दोष आहे. कोळसा एक दिवस संपेल, खाणीचे अधिकारी दुसरीकडे जातील. गांव मात्र तेथेंच राहील, आणि तेव्हां त्याच्या पंचायतीजवळ कोणता माणूस आहे, यावरच त्याचें पुढचें नशीब ठरेल.