दप्तरातील नोंद

१ जानेवारी १९८९ च्या पहाटे अमेरिकेतील लॉस एंजलिस शहरी विख्यात फुटबॉलपटू व नट ओ. जे. सिम्पसन याच्या घरी पोलीस आले. मार खाल्लेली त्याची पत्नी निकोल, हा मला ठार मारील, असे सांगत धावत बाहेर आली. शिक्षा काय? दंड, १२० तास समाजसेवा, दोन वर्षे देखरेख! आम्हां दप्तरी माणसांना अशा नोंदींची निष्फळता परिचित आहे. १९९२ मध्ये घटस्फोट झाला. १२ जून १९९४ रोजी निकोल व तिचा स्नेही रॉन गोल्डमन यांचे खून पडले. १९९५ मध्ये ज्यूरीने चार तासांच्या आतच सिम्पसनला निर्दोष ठरविले. १९९७ मध्ये दिवाणी दाव्यात मात्र त्यालाच जबाबदार धरण्यात आले. खटल्यात गाजला तो हातमोजा. मारहाणीचा पुरावाही पुढे आला होता. ज्यूरीतील एका बाईंनी निकालानंतर त्याला वेळेचा अपव्यय म्हटले.