पोषक रंध्र (लांब हाडांमधील)

हात-पायांच्या लांब हाडांच्या दांड्यावर असलेले तिरपे भोक. यातून पोषक रोहिणी म्हणजे हाडाची मुख्य धमनी, तिच्या सोबतची नीला आणि बारीक मज्जातंतू आत शिरतात. आत गेल्यावर रोहिणीच्या दोन शाखा होतात, एक वर जाते आणि एक खाली. मज्जा आणि हाडाच्या भिंतीचा आतला सुमारे दोन तृतीयांश भाग त्यांच्यावर जगतो. बाहेरच्या थराला पर्यास्थीतील, म्हणजे हाडावरच्या आवरणातील वाहिन्या रक्त पुरवतात. हाडांच्या टोकांना बारीक भोके पुष्कळ असतात, पण त्यांचा पुरवठा वेगळा.

फाउंड्रीत ओतलेल्या जॉबमध्ये ब्लो होल, म्हणजे वायूचे भोक, दिसले की जॉब रिजेक्ट. हे भोक मात्र हाडात असावेच लागते, आणि तेही वाटेल तिथे नसते. दंडाच्या ह्युमरसवर ते मध्याच्या थोडे खाली, आतल्या-पुढच्या बाजूस. कोपराखालच्या रेडियस आणि अल्नावर पुढच्या बाजूस, वरच्या अर्ध्या भागात. मांडीच्या फीमरवर मागच्या खडबडीत कंगोऱ्यालगत, कधी एक तर कधी दोन. नडगीशेजारच्या फिब्युलावर साधारण मध्यावर. नडगीच्या टिबियावरचे रंध्र शरीरात सर्वांत मोठे. ते हाडाच्या मागच्या बाजूस, वरच्या तृतीयांशाच्या आसपास सापडते. रंध्राचे वरच्या टोकापासूनचे अंतर भागिले हाडाची लांबी, गुणिले 100, हा रंध्र-निर्देशांक. 36 सेंमी लांबीच्या टिबियात रंध्र 12 सेंमीवर असेल तर तो 33.

रंध्राची दिशा पाहायची तर खराट्याचा हीर पुरतो. वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात सुटे हाड हातात घेऊन हीर भोकात सरकवला की तो आपोआप कलतो: हाताच्या हाडांत कोपराकडे, पायाच्या हाडांत गुडघ्यापासून दूर. विद्यार्थी हे घोकून पाठ करतात. कारण मात्र फार थोड्यांना विचारले जाते. हाडाचे एक टोक दुसऱ्यापेक्षा जास्त वाढते. फीमरची सुमारे 70 टक्के वाढ गुडघ्याकडच्या टोकाला होते. वाढताना पर्यास्थी त्या टोकाकडे ओढली जाते आणि तिच्याबरोबर रोहिणीचे बाहेरचे तोंडही सरकते, आतले तोंड मागे राहते. म्हणून रंध्रातून आत जाणारी नळी जास्त वाढणाऱ्या टोकाच्या उलट कलते. हा संबंध फ्रान्समध्ये बेरार यांनी 1835 मध्ये दाखवला. पर्यास्थीच्या सरकण्याचा खुलासा हंफ्री यांनी 1861 मध्ये मांडला. तो सगळ्या प्राण्यांना लागू पडत नाही, माणसाला बहुतांशी पडतो.

या भोकाचे महत्त्व हाड मोडल्यावर कळते. कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी पुणे-बंगळूर महामार्गाला लागून आहे. फाउंड्री, मशीनशॉप आणि पाळी गाठायला निघालेल्या दुचाकी, सगळे एकाच पट्ट्यात. अवजड कास्टिंग पायावर येवो किंवा गाडी घसरो, दोन्हींत आधी सापडते ती नडगी. तिचा खालचा तृतीयांश भाग मोडला की जुळायला वेळ लागतो, आणि त्याचा एक धागा या भोकापर्यंत जातो. रोहिणी हाडाच्या वरच्या भागात शिरते, तिची खालची शाखा मज्जेतून उतरते. मोड आडवा आला की ती तुटते. खालचा तुकडा घोट्याकडच्या वाहिन्यांवर आणि पर्यास्थीवर राहतो. त्या भागात नडगीवर स्नायूंची गादीही नाही, पुढून नुसती कातडी. जखम उघडी असेल तर पर्यास्थीही फाटलेली. ‘प्लास्टर कधी निघणार, ड्युटीवर कधी जाणार’ या प्रश्नाला महिन्यांत उत्तर मिळते ते यामुळे.

मोड सांधण्यासाठी मज्जानळीत रॉड घालताना ती आतून कोरली तर तिथल्या वाहिन्या काही काळ नष्ट होतात. त्या काही आठवड्यांत पुन्हा वाढतात, तोवर रक्त बाहेरून आत येते. त्यामुळे पर्यास्थी शक्यतो न खरवडणे हा अस्थिशल्यातला महत्त्वाचा दंडक. रॉड कोणत्या कंपनीचा यावर नातेवाईक जितकी चर्चा करतात, तितकी यावर करीत नाहीत.

एक्स-रेमध्ये पोषक नळी बारीक तिरपी काळी रेघ होऊन दिसते आणि नवख्याला चीर वाटते. नळीच्या कडा गुळगुळीत व दाट असतात, आणि ती एकाच भिंतीतून जाते. दुसऱ्या कोनातून काढलेला फोटो बहुधा शंका मिटवतो.

जबड्याच्या किंवा हाताच्या हाडातील तूट भरण्यासाठी फिब्युलाचा तुकडा रक्तवाहिनीसह काढतात, तेव्हा मधला, रंध्र असलेला भाग घेतात. घोट्याजवळचे काही सेंटिमीटर हाड जागीच ठेवतात, नाहीतर घोटा डळमळतो.