कराची ते जुहू : तेच अंतर, बदलता वेळ

१/ दोन विमानतळांमधील अंतर भूगोल ठरवतो. ते कापण्यास लागणारा वेळ मात्र कोण ठरवते? कराची आणि मुंबई यांच्यातील हवाई मार्गाचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

२/ सरळ रेषेत हे अंतर सुमारे ८७० किलोमीटर. १९३२ साली ही दोन्ही शहरे केवळ एका देशात नव्हे, तर एकाच प्रांतात होती. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होता. तो स्वतंत्र प्रांत झाला १ एप्रिल १९३६ रोजी.

३/ लंडनचे टपाल १९२९ पासून इम्पीरियल एअरवेजच्या सेवेने कराचीपर्यंत येऊ लागले. ते पुढे मुंबई व मद्रासला हवाई मार्गाने नेण्याची योजना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने टाटांपुढे मांडली.

४/ १५ ऑक्टोबर १९३२. सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. टाटांनी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून एक इंजिनाच्या 'पस मॉथ' विमानात टपाल घेऊन उड्डाण केले. वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर. सोबत रेडिओ नाही.

५/ वाटेत अहमदाबादला थांबा. तेथे इंधनाचे डबे चक्क बैलगाडीतून आणले गेले! या वळणामुळे मार्ग हजार किलोमीटरांच्या पुढे गेला, तरी दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरले. एकूण वेळ सव्वासात तासांच्या आसपास.

६/ तेथून व्हिन्सेंटने टपाल पुढे नेले आणि बळ्ळारीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी मद्रास गाठले. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई; मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवावा लागे. त्या काळी वेळ ठरवत होते इंजिन, इंधन आणि पाऊस.

७/ १९४७ नंतर कराची परदेश झाले. विमाने वेगवान होत गेली आणि प्रवास दीड तासावर आला. पण आता निर्णायक ठरली ती सीमा. १९७१ साली तुटलेला भारत-पाकिस्तान हवाई संपर्क पुन्हा जुळला तो १९७६ मध्ये.

८/ १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवी दिनी, ७८ वर्षांच्या जे. आर. डीं.नी 'लेपर्ड मॉथ' या जुन्या विमानातून पुन्हा कराची ते मुंबई प्रवास केला. मार्ग तोच होता, पण आता तो आंतरराष्ट्रीय होता.

९/ संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून दोन वर्षे ही वाट पुन्हा बंद राहिली. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना आपले आकाशच बंद केले. मुंबई-कराची थेट सेवा तर त्याच्या कितीतरी आधीच थांबली होती.

१०/ थेट विमान नसेल, तर दुबईमार्गे जावे लागते : आधी सुमारे १,९३० किलोमीटर पश्चिमेकडे, मग सुमारे १,१९० किलोमीटर माघारी. हवेतले पाच तास आणि दुबईतील दोन-तीन तासांचा थांबा धरला, तर आजच्या जेट प्रवाशाला बैलगाडीतून आलेल्या इंधनावर उडालेल्या 'पस मॉथ'इतकाच, किंबहुना अधिक वेळ लागतो. अंतर मात्र अजूनही ८७० किलोमीटरच आहे.